मशीनमधला कागद

बुधवार, १ ऑक्टोबर
खंडेनवमी. ऑफिसला सुट्टी. खाली पार्किंगमध्ये आयुधपूजेची धामधूम, प्रत्येक गाडीला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. आईने सकाळी तिच्या लॅपटॉपची पूजा केली. झाकणावर हळदीकुंकू, अक्षता, एक झेंडू. निपाणीला वकिलांच्या ऑफिसात एकतीस वर्षं टायपिस्ट होती, तिथे टाइपरायटरची करायची, तशीच. म्हणाली, "उद्या संध्याकाळपर्यंत हात लावायचा न्हाई. विश्रांती."

जेवून ती आडवी झाली. मी झेंडू बाजूला केला आणि मशीन सुरू करून लिनक्स अपग्रेडला लावलं. काही अडलं नव्हतं, नवी आवृत्ती आली होती आणि मला वेळ होता, एवढंच. तिचा उघडा कागद आधी सेव्ह केला. सव्वादोन तास गेले. मध्येच एकदा मशीनने विचारलं, सेटिंगची तुमची जुनी फाइल ठेवू की नवी घेऊ? पल्लवी, माझी बायको, जिलेबी खायला हाका मारत होती. नवी म्हटलं. नवं ते चांगलंच असणार.

चारच्या आत सगळं जागच्या जागी. तिचा कागद उघडून ठेवला, झाकण लावलं, वर झेंडू. अपग्रेडसाठी लावलेला चार्जर तसाच चालू. आईला पत्ता नाही.

शुक्रवार, ३ ऑक्टो.
काही विशेष नाही. प. म्हणते आज सी ब्लॉकमधले अण्णा आईला मजकूर सांगताना फार रंगात होते. आईने चार पानं टाइप केली, जेवायला उशीर.

शनिवार, ४ ऑक्टो.
चार पानं गेली.

शनिवारी मी आईचे कागद काढतो. म्हणजे तिने आठवडाभर टाइप केलेलं सेव्ह करतो, छापतो, अण्णांना नेऊन देतो. आज झाकण उघडलं तर स्क्रीन काळी. चार्जर लावला, बटण दाबलं, मशीन पहिल्यापासून सुरू. नावगाव विचारलं, पासवर्ड विचारला. कागद कोरा. आई मागे उभी होती. "माझा मजकूर कुठं हाय?"

मे महिन्यात तिला इथे आणलं तेव्हा हे मशीन मीच तयार करून दिलं होतं. झाकण लावलं की जे काही उघडं आहे ते सगळं डिस्कवर लिहून ठेवायचं आणि पूर्ण बंद व्हायचं. दुसऱ्या दिवशी उघडलं की जिथे होतं तिथून पुढे. हायबरनेशन. तिला म्हटलं होतं, "तुझं टाइपरायटरसारखंच समज. कागद मशीनमध्ये ठेवायचा, कव्हर घालायचं, सकाळी पुढचं अक्षर. काही होत नाही, माझी गॅरंटी." पाच महिने काही झालं नाही. निपाणीहून आणलेलं टाइपरायटरचं रेक्झिनचं कव्हर ती रोज लॅपटॉपवर घालते. मशीनच्या तिप्पट मोठं आहे, टेबलावर तंबू ठोकल्यासारखं दिसतं.

गेलेली पानं ४१ ते ४४. सी ब्लॉकमधले गणोजीराव अण्णा रोज दहा वाजता येऊन आपल्या आयुष्याची हकिकत सांगतात, आई टाइप करते. वय शहाऐंशी. बस डेपोत मेकॅनिक होते. घराणं इथलंच, दहा-बारा पिढ्यांचं, मराठीत निम्मं कन्नड. काल पहिल्यांदा बायकोबद्दल बोलले म्हणे. यशवंतपूरच्या कांद्याच्या मंडईत ती पहिल्यांदा कशी दिसली ते. तेच गेलं.

रविवार, ५ ऑक्टो.
सकाळपासून बसलो. टर्मिनलमधून हायबरनेटची कमांड दिली, मशीन बंद झालं, चालू केलं, सगळं कोरं. म्हणजे बिघाड पकडला. झोपताना डिस्कवरच्या ज्या कप्प्यात सगळं लिहायचं, त्याचा पत्ता अपग्रेडमध्ये बदललाय. लिहितो नीट, उठल्यावर वाचायचं कुठून ते ठाऊक नाही. अपग्रेड करणाऱ्यांच्या नावाने दोन शिव्या हासडल्या. नवा पत्ता घातला, मशीन सुरू होताना वाचते ती बूटची फाइल परत बनवली.

पाच वेळा कमांड देऊन पाहिलं. पाचही वेळा कागद जागेवर. आईला म्हटलं, झालं.
"नक्की?"
"गॅरंटी."

सोमवार, ६ ऑक्टो.
अण्णांना ती हकिकत परत सांगायची विनंती केली म्हणे आईने. ते म्हणाले, "ते मी सांगितलं नव्हे? एकदा सांगितलं ते सांगितलं." मग खूप आग्रहानंतर सांगितलं ते वेगळंच. "तिला आमच्या अक्काने बघितलं. मी कुठे बघितलं? सरी, पुढे लिव्हा." (सरी म्हणजे ठीक.) मंडई नाही, कांदे नाहीत, काही नाही.

आईला म्हटलं, तुला पहिलं आठवतंय ना, तू लिही. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिला खोटी सही करायला सांगितली. "मी टायपिस्ट. सांगितलेलं लिहिते. माझ्या मनचं लिहीत न्हाई."

मंगळवार, ७ ऑक्टो.
दहा वाजून दहा मिनिटं. ऑ.मध्ये मीटिंग, बेळ्ळंदूरला पोचायला आधीच उशीर झालेला, त्यात आईचा फोन. "अवी, परत गेलं."

तीन पानं. आता दोन्ही हकिकती गेल्या.

मागून अण्णांचा आवाज, "बिडी अक्का, मशीनला पण वय होतं." बिडी म्हणजे कन्नडमध्ये सोडून द्या. ते समजूत घालत होते. मला जास्तच लागलं. दिवसभर कामात लक्ष नाही. मी टेस्टर. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा पगार घेतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

बुधवार, ८ ऑक्टो.
फोरमवर विचारलं. पहिला म्हणतो ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढा. दुसरा म्हणतो स्वॅप दुप्पट करा. तिसरा, "माझ्याकडे व्यवस्थित चालतंय." या तिसऱ्याला भेटायची फार इच्छा आहे.

ड्रायव्हर बदलला. आता स्क्रीनचा उजेड कमीजास्त होत नाही. परत जुना घातला. वायफाय गेलं. आगीतून फुफाट्यात. वायफाय आणायला दीड तास.

कमांडने आणखी चार वेळा तपासलं. चारही वेळा बरोबर. हेच तर समजत नाही. मी समोर असलो की शहाण्यासारखं वागतं, आईच्या हातात गेलं की दगा देतं.

गुरुवार, ९ ऑक्टो.
आईने आज टाइप केलं नाही. अण्णा आले, चहा प्यायले, दोघं गप्पा मारत बसली. लॅपटॉप कव्हराखाली. मी संध्याकाळी विचारलं तर म्हणाली, "भरवसा न्हाई तिथं कशाला बोटं झिजवायची." चिडून नाही बोलली. चिडली असती तर बरं झालं असतं.

शनिवार, ११ ऑक्टो.
प. म्हणाली, "अरे पण आईंना सेव्ह करायला शिकव ना. कंट्रोल एस. सिंपल आहे." शिकवलंय. जूनमध्येच शिकवलंय. आई करत नाही. तिचं म्हणणं, अर्धा कागद फायलीला लावायचा नसतो. वकिलांचा नियम होता. एकदा कुणा पोराने अर्धा टाइप केलेला अर्ज फायलीला लावला, तो तसाच कोर्टात गेला आणि जज्जसाहेबांनी वकिलांना उभं करून सगळ्यांसमोर वाचायला लावला. तेव्हापासून पूर्ण झाल्याशिवाय कागद मशीनमधून निघायचा नाही. अण्णांची हकिकत आठवडाभर चालते, शनिवारी एक टप्पा संपतो, तेव्हा कागद निघतो.

आपोआप सेव्ह होणारा दुसरा एडिटर दाखवला. त्याने अण्णांच्या प्रत्येक दुसऱ्या शब्दाखाली लाल रेघ मारली. रेघ बंद करून दिली. आई म्हणाली, "हे एक शिकले तेवढं पुरं."

प.ला वाटतं हा हट्ट आहे. असेलही. पण ती चुकत नाहीये. जसं काम करायची तसंच इथेही करता येईल, असं मीच सांगून तिला आणलं होतं.

रविवार, १२ ऑक्टो.
सुनीलचा फोन. धाकटा भाऊ, निपाणीच्या घरी राहतो. रंग काढायचाय दिवाळीआधी. सहज बोलता बोलता म्हणाला, "आईचं टाइपरायटर हलवायचंय, त्यात मेपासून एक कागद अडकवलेला हाय. काढू काय?" फोन स्पीकरवर होता. आई स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, "त्याला हात लावू नको. मशीन तसंच उचलून ठेव."

फोन ठेवल्यावर प.ने विचारलं, कसला कागद? आईने भाजी चिरता चिरता सांगितलं. "कसलासा अर्ज होता पेन्शनचा, अर्धा राहिला. आमच्यात असंच असतंय. संध्याकाळी कागद मशीनमध्ये ठेवायचा. रजेवर जातानासुद्धा ठेवायचा. नोकरी सोडताना तेवढा काढायचा."

प.च्या काही लक्षात आलं नाही. माझ्या आलं. बाबा गेल्यावर मी तिला कायमची म्हणून आणलं. सामान आणलं, डबे आणले, कुकर आणला. ती येताना कागद मशीनमध्ये ठेवून आली. म्हणजे तिच्या लेखी ती पाच महिने रजेवर आहे.

वाईट वाटलं. रागही आला, कुणाचा ते नीट सांगता येत नाही.

मंगळवार, १४ ऑक्टो.
आईने तिकीट काढायला सांगितलं. २ नोव्हेंबर, यशवंतपूरहून बेळगाव, पुढे सुनील गाडी घेऊन येईल. नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असतो.

"अगं, तो इथूनही देता येतो. ऑनलाइन."
"तुझ्या मशीनवर? मी जिवंत असल्याचं ते रात्रीत विसरलं म्हंजे?"

प. हसून हसून खाली बसली. मीही हसलो. मग विचारलं, परतीचं कधीचं काढू?
"बघू."

गुरुवार, १६ ऑक्टो.
नोंद करून ठेवतो म्हणजे जन्मात विसरणार नाही.

जेवणाच्या सुट्टीत मंजुनाथला सगळं सांगितलं. माझ्या शेजारी बसतो, हुबळीकडचा, फार बोलत नाही. मशीनच्या नोंदींचे लॉग दाखवले, कमांड दाखवल्या, नऊपैकी नऊ वेळा बरोबर आल्याचा तक्ता दाखवला. त्याने दहीभात संपवला आणि विचारलं, "अम्मा भी कमांड देती है क्या?"

आई कमांड देत नाही. आई झाकण लावते.

तपासताना मी एकदाही झाकण लावून पाहिलं नव्हतं.

साडेसहाला घरी. चपलाही न काढता झाकण लावलं आणि पाहत बसलो. कडेचा बारीक दिवा लुकलुकत राहिला. म्हणजे बंद झालंच नाही. नुसतं डोळे मिटून पडलंय, सगळं अजून मेमरीत, बॅटरी खात. आई काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करते, बॅटरी जुनी. सकाळपर्यंत ती संपते आणि मेमरीतलं सगळं पुसलं जातं. इतकं साधं.

आणि झाकण लावल्यावर काय करायचं, हे जिथे लिहिलेलं असतं ती सेटिंगची फाइल उघडली. कोरी करकरीत, नवी. माझी ओळ नाही. जिलेबी खायला जाताना जिच्यावर मी नवी घ्या म्हटलं, तीच फाइल. मशीनने विचारलं होतं मला. रीतसर, थांबून विचारलं होतं.

काखेत कळसा गावाला वळसा. पंधरा दिवस सगळ्या जगाच्या नावाने खडे फोडले. पत्त्याची ती भानगड खरी होती, पण आईची पानं तिने खाल्ली नाहीत. ती मी खाल्ली.

एक ओळ घातली. झाकण लावलं. दिवा विझला. दोन मिनिटांनी उघडलं, कागद जागेवर.

आईला सांगितलं नाही अजून. काय सांगू.

शुक्रवार, १७ ऑक्टो.
सांगितलं नाही. ऑ.मध्ये उशीर झाला, ही सबब.

शनिवार, १८ ऑक्टो.
सांगितलं. ती चकलीचं पीठ मळत होती. म्हटलं, आई, खंडेनवमीला तू झोपली होतीस तेव्हा मी तुझ्या मशीनला हात लावला. त्यात माझ्याकडून चूक झाली. अण्णांची सात पानं माझ्यामुळे गेली.

"ठाऊक हाय."
"कसं?"
"झेंडू उलटा ठेवलास. देठ माझ्याकडं ठेवून मी कधी फूल ठेवते काय?"

म्हणजे पहिल्या दिवसापासून. मी विचारलं, मग बोलली का नाहीस. तर म्हणाली, "तू सांगशील म्हणून थांबले." आणि पीठ मळत राहिली. चाळीस ओलांडली मी, तरी कान गरम झाले. पुष्कळ दिवसांनी इतकी लाज वाटली. पण मग हलकंही वाटलं.

रविवार, १९ ऑक्टो.
आता नीट टेस्ट. आई करते तसंच. झाकण लावणं, भिंतीवरचं बटण बंद, कव्हर, थांबणं, कव्हर काढणं, उघडणं. प.ला वाटलं मला वेड लागलं. अकरा वेळा केलं.

सातव्या वेळी स्क्रीन काळीच राहिली. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, चित्र नाही. बटण दाबून बंद करावं लागलं, कागद गेला. बाकी दहा वेळा बरोबर. सातव्या वेळी वेगळं काय केलं? काही नाही.

लॉगमध्ये एक शब्द नाही. तिथपर्यंत सगळं व्यवस्थित आणि मग काहीच नाही.

मंगळवार, २१ ऑक्टो.
लक्ष्मीपूजन. आईने लॅपटॉप पूजेला ठेवला नाही. चकल्या छान झाल्यात.

गुरुवार, २३ ऑक्टो.
आणखी दहा वेळा. दहाही बरोबर. मग अकराव्या वेळी परत काळी. म्हणजे साधारण दहा-अकरात एकदा. फोरमवर दोघातिघांना हेच होतंय. पुढच्या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या पुढच्या आवृत्तीत, सुधारेल म्हणतात. कधी ते कुणी म्हणत नाही. जुन्या आवृत्तीवर परत जायचं म्हणजे सगळं पुसून नव्याने मांडणं, आणि तेव्हा तरी काय होईल याची मला खात्री राहिलेली नाही. खात्री हा शब्दच नको झालाय.

शनिवार, २५ ऑक्टो.
या वेळी गॅरंटी दिली नाही. आईला खरं ते सांगितलं. झाकणाचं दुरुस्त केलंय, पण दहातून एकदा उठत नाही, का ते मला कळलेलं नाही.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "आमच्या मशीनचा र अडकायचा. दहातून एकदा. म्हणून काय मी र लिहायचा सोडला?"

कव्हर काढून घडी घातली आणि टेबल पुसलं. सोमवारपासून अण्णांना बोलवते म्हणाली.

सोमवार, २७ ऑक्टो.
सुरू. पान ४५पासून. ४१ ते ४४ कोरी सोडलीत, नुसते आकडे घालून. मी म्हटलं, पुढचे आकडे मागे घे, सलग कर. "त्या पानांवर मजकूर होता," एवढंच म्हणाली.

बुधवार, २९ ऑक्टो.
दोन दिवस सकाळी कागद जागेवर. ऑ.मधून दहा वाजता फोन करतो, "उठलं?" आई म्हणते, "उठलं." मंजुनाथ विचारतो घरी कोण आजारी आहे काय.

शुक्रवार, ३१ ऑक्टो.
उठलं. संध्याकाळी आठवड्याचा कागद काढला, एक दिवस आधीच. ४५ ते ५१. छापून अण्णांना दिला. त्यांनी भिंग घेऊन पाहिलं आणि विचारलं, "मधली कुठे?" मी म्हटलं, माझ्याकडून हरवली. "सरी," म्हणाले. आईची बॅग भरून तयार. कुकरही न्यायचा का विचारत होती, मग नको म्हणाली. त्या नको म्हणण्याचा अर्थ लावत बसलो.

रविवार, २ नोव्हेंबर
आज गाडी होती. रविवारी एरवी अण्णा येत नाहीत, पण निरोप द्यायला म्हणून दहालाच आले. सोफ्यावर बसून विचारलं, "अक्का, गाडी कुठून?"

"यशवंतपूरहून."

अण्णा मग आपणहून सुरू झाले. मंडई, कांद्याची पोती, तागडीच्या एका बाजूला उभी असलेली मुलगी. हे एकवीस वर्षांचे, डेपोची खाकी घालून पोतं घ्यायला गेलेले. तिने मापात एक कांदा जास्त टाकला आणि बापाने बघायच्या आत परत काढून घेतला. "कशाला टाकलीस, कशाला काढलीस, हे मी चाळीस वर्षं विचारीत होतो. सांगितलं नाही. स्वल्पसुद्धा सांगितलं नाही."

आई पहिल्या वाक्यालाच उठून मशीनकडे गेली होती. कव्हर काढलं, झाकण उघडलं. उठलं. तिची बोटं अण्णांच्या बोलण्याच्या अर्ध्या शब्दामागे चालत होती, एकदाही थांबली नाहीत. मी तिला काम करताना असं जवळून कधी पाहिलं नव्हतं. वकिलांच्या ऑफिसात आम्हा मुलांना आत येऊ देत नसत.

पानं ४१, ४२, ४३. चौथं अर्धं झालं आणि अण्णा दमले. "उरलेलं तुम्ही आल्यावर." हात जोडून गेले.

आईने झाकण लावलं. दिवा विझला ते मी पाहिलं. भिंतीवरचं बटण बंद. कव्हर.

"सेव्ह केलंस?"
"अर्धा कागद हाय."
"आई, मी सांगितलंय तुला. दहातून एकदा…"
"ऐकलंय मी."

मला ओरडावंसं वाटलं. महिनाभर ज्या पानांसाठी जीव टांगणीला लावला ती परत मिळाली, आणि ही त्यांना तशीच कव्हराखाली टाकून गावाला निघाली. पण ओरडता येईना. निघताना कागद मशीनमध्ये ठेवलाय तिने. याचा अर्थ एकच होतो. पण निपाणीच्या मशीनमध्येही आहे.

स्टेशनला जायला पावणेदोन तास. फलाटावर बॅग ठेवली, पाण्याची बाटली दिली. परतीचं विचारलं. "दाखला तरी देऊ दे आधी." गाडी वेळेवर सुटली.

सोमवार, ३ नोव्हें.
सकाळी दहाला सवयीने फोन हातात घेतला. कुणाला करणार. टेबलावर तंबू तसाच.

प. म्हणाली, "अरे उघड ना. सेव्ह कर, परत बंद कर. आईंना कळणारसुद्धा नाही."
झेंडूचंही कळणार नव्हतं.

मंगळवार, ४ नोव्हें.
मशीन पूर्ण बंद आहे. बॅटरी संपली तरी फरक पडत नाही, डिस्कवर लिहिलेलं आठ दिवसांनी असतं तेच महिन्याने असतं. हे सगळं मला माहीत आहे. तरी जाता-येता कव्हर सरळ करतो.

अण्णा लिफ्टमध्ये भेटले. "अक्का कधी?" म्हटलं, बघू.

बुधवार, ५ नोव्हें.
नव्या कर्नलची सूचना आली माझ्या मशीनवर. आईच्याही मशीनसाठी असणार. काळ्या स्क्रीनवर उपाय आहे म्हणे त्यात. घ्यायचा तर मशीन उघडावं लागेल.

घेतला नाही.

गुरुवार, ६ नोव्हें.
संध्याकाळी आईचा फोन. दाखला दिला, बँकेत गर्दी होती, साहेब ओळखीचा निघाला. घराला रंग बरा लागलाय. मग विचारलं, "मशीनला हात लावला न्हाईस ना?"

"नाही."
"बरं."

फोन सुनीलकडे गेला. मी आडून आडून विचारलं, टाइपरायटर कुठे ठेवलंय? म्हणाला, खिडकीपाशी, आईनेच ठेवून घेतलं. आणि तो कागद? "तो काल पुरा केला की. काढला, सही केली, टपालात टाकला." माझा श्वास मोकळा झाला. विचारलं, मग आता मशीन रिकामं?

"असंल. का दुसरा घातलाय काय की. बघून सांगू?"

नको म्हटलं.